फौजदारबाईंच्या कमरेवरचा भोपळा

आपण काहीही करायचं नाही, असं मी एका मंगळवारी दुपारी ठरवलं आणि तेव्हापासून मला श्वास घ्यायला फुरसत मिळालेली नाही.

त्याचं असं झालं. मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. (आलेला कागद नोंदवायचा आणि दुसऱ्याच्या टेबलावर ढकलायचा, यालाच आवक-जावक म्हणतात.) आमच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांचं मन ताजंतवानं राहावं म्हणून महिन्यातून एकदा व्याख्यान असतं. त्याला सगळे झाडून हजर असतात, कारण पंखे फक्त त्याच हॉलचे नीट चालतात. त्या मंगळवारी एक वाळकुडे, हसतमुख गृहस्थ आले होते. विषय होता छोट्या जागेतली नैसर्गिक शेती. तासाभरात त्यांनी ‘गांडूळ’ हा शब्द इतक्या मायेने उच्चारला की चहा येईपर्यंत हॉलभर त्यांचं नाव गांडूळकाका पडलं होतं.

"नांगरू नका," गांडूळकाका म्हणाले. "खणू नका. खुरपू नका. फवारणी तर नकोच नको. माती जिवंत आहे हो! तिचं काम तिला ठाऊक आहे. तुम्ही फक्त मध्येमध्ये करू नका."

मी खुर्चीत ताठ बसलो. जन्मल्यापासून मला जो भेटला त्याने हे कर, ते कर एवढंच सांगितलं होतं. काहीही करू नकोस असं शास्त्रीय आधारासह सांगणारा हा पहिलाच महात्मा. मी हात वर करून विचारलं, "जागा किती लागते?"

"सहा पावलं लांब, चार पावलं रुंद. तेवढ्यात एक कुटुंब भाजी खाईल."

आमच्या घरामागची मोकळी जागा बरोबर सहा पावलं बाय चार पावलं आहे. हा योगायोग नव्हे, ही नियतीची हाक आहे, असं मला वाटलं. (मला अशा हाका अधूनमधून ऐकू येतात. मागच्या हाकेत मी बासरी शिकायला गेलो होतो.)

घरी आल्या आल्या मी जाहीर केलं, "काहीही न करता भाजी पिकवता येते!"

"काहीही न करण्याचा तुमचा अनुभव दांडगा आहे," बायको मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "भाजी तेवढी अजून आली नाही."

आता इथे मशीनबद्दल सांगायला हवं. माझी बायको शिवणकाम करते आणि उत्तम करते. कोट, झगे, सदरे, गणवेश, काय म्हणाल ते. फक्त तिचं मशीन आमच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी आहे. ती मशीनवर बसली की तिची पाठ पलंगाला टेकते आणि मी पलंगावर आडवा झालो की माझ्या पोटरीत टाचण्या घुसतात. त्यामुळे घरामागच्या जागेवर पत्र्याची शेड घालून मशीन तिकडे न्यायचं, असं तिने वर्षभर मनात धरलं होतं. पत्रेवाल्याला जागा दाखवूनही झाली होती.

"ती जागा माझ्या शेडची आहे," ती म्हणाली.

"ती जागा मातीची आहे," मी गांडूळकाकांच्या आवाजात म्हणालो.

अशा वेळी आमच्या घरात निवाडा आई करते. आई म्हणजे माझी आई, पण निवाडा सहसा बायकोच्या बाजूने असतो. त्या दिवशी मात्र तिने रेडिओ बंद केला आणि न्याय दिला. "तीन महिने देते. तीन महिन्यांच्या आत त्या जागेतल्या भाजीवर या घरातली तीन माणसं एकदा पोटभर जेवली, तर जागा त्याची. नाहीतर शेड."

"कबूल," बायको म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला जरा अपमान वाटला.

काहीही न करण्याची पहिली पायरी म्हणजे आच्छादन. माती उघडी ठेवायची नाही, तिला पांघरूण घालायचं. गांडूळकाकांनी वाटलेल्या पत्रकात लिहिलं होतं : ‘तणांवर जाड खाकी कागद ओला करून थरावर थर अंथरावा. छापील, रंगीत, गुळगुळीत कागद वर्ज्य. त्यावर वीतभर पालापाचोळा. कागदाला भोक पाडून रोप लावावे. खाली अंधार झाल्याने तण मरते, आणि कागद गांडुळांना फार आवडतो.’

पालापाचोळा मी सार्वजनिक बागेतून आणायला लागलो. रोज सकाळी ऑफिसच्या आधी चार पोती. (काहीही न करणाऱ्या माणसाला पहाटे पाचला उठावं लागतं, हे पत्रकात नव्हतं.) पण खाकी कागद मिळेना. दुकानदार प्लास्टिकच्या पिशव्या पुढे करायचे. ऑफिसात कागदांचा डोंगर आहे, पण तो सगळा छापील.

त्याच आठवड्यात बायको चार दिवस बहिणीकडे गेली. आणि कपाटावर, अगदी मागे, मला एक भलंमोठं गाठोडं दिसलं. सोडून पाहतो तो काय! खाकी कागद! जाड, कोरा, एकही छापील अक्षर नाही. नुसत्या पेन्सिलीच्या बारीक रेघा. शंभरेक ताव तरी असतील. आणि नवल म्हणजे प्रत्येक कागदाला वरच्या बाजूला आधीच एक गोल भोक पाडलेलं! रोप लावायला आयतं!

तरीही मी शहानिशा केली. मी अगदीच बेजबाबदार नाही. आई रेडिओला कान लावून बसली होती, तिला मी लांबूनच ओरडून विचारलं, "आई, कपाटावरचे खाकी कागद कामाचे आहेत का गं?"

"हो रे, कामाचेच आहेत!" आईने तितक्याच जोरात सांगितलं.

झालं. मला कामाचेच हवे होते.

दोन दिवस खपून मी ते सगळे कागद बादलीत भिजवले आणि अंथरले. काहींचे आकार विचित्र होते. कुठे अर्धगोल कापलेलं, कुठे निमुळतं, कुठे बगलेसारखी खोबण. पण ते एकमेकांत छान बसत होते. पेन्सिलीने ‘फौ. बा. कं.’, ‘ग्रं. पाठ’ असलं काहीबाही लिहिलेलं होतं. पण कागद हातात आला की तो न वाचता पुढे सरकवायचा, ही माझी वीस वर्षांची तालीम आहे. मी सरकवत गेलो. गाठोड्यातला सगळ्यात खालचा कागद शेवटी उरला, तो मी कोपऱ्यात दगडाखाली ठेवून दिला. वर पाचोळा टाकला, भोकाभोकांतून टोमॅटो, काकडी, शेंगा, भोपळा लावला आणि हात झटकले.

बायको परत आली आणि एका हॉटेलच्या साठ पडद्यांच्या कामाला लागली. पडदे सरळ असतात, त्यांना माप लागतं पण नमुना लागत नाही. म्हणून सात आठवडे कुणाला काही कळलं नाही.

ते सात आठवडे माझ्या आयुष्यातले सोनेरी दिवस होते. गांडूळकाका म्हणाले होते तसंच झालं. तण मेलं, माती मऊ झाली, पाचोळा बाजूला केला की जाडजूड गांडुळं दिसायची आणि मी त्यांच्याकडे कौतुकाने बघत बसायचो. शेंगांवर मावा पडला तेव्हा मी घाबरलो, पण फवारणी केली नाही. आठ दिवसांत कुठूनसे ठिपकेवाले ढालकिडे आले आणि त्यांनी मावा फस्त केला. मी तर ऑफिसात येईल त्याला गाठून मित्रकीटक आणि शत्रुकीटक यांतला फरक समजावू लागलो. लोक आपले कागद परस्पर दुसऱ्या खिडकीत द्यायला लागले.

आणि एका शनिवारी फौजदारबाई आल्या.

फौजदारबाई म्हणजे बायकोचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. पोलिसात आहेत, आवाजही तसाच. त्यांना बढती मिळाली होती आणि समारंभाला नवा कोट हवा होता. "माप घ्यायची गरज नाही," त्या दारातूनच म्हणाल्या, "तुमच्याकडे माझा कागद आहेच."

"आहे ना, आत्ता काढते," म्हणून बायको आत गेली. स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

"अहो," ती आतून म्हणाली, "कपाटावरचे माझे नमुने कुठे आहेत?"

"कसले नमुने?"

"खाकी कागदाचे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाने कापलेले. वर खिळ्याला अडकवायला भोक असतं बघा त्यांना."

भोक खिळ्यासाठी होतं!

"आईने सांगितलं कामाचे आहेत," मी म्हणालो.

"कामाचेच होते रे," आई कळवळून म्हणाली, "तिच्या कामाचे!"

आम्ही चौघंही मागे गेलो. बायकोने खाली बसून एका टोमॅटोच्या बुडाशी पाचोळा बाजूला केला. कागदाचा तुकडा हातात आला, मऊ, काळपट, भोकाभोकांचा. त्यातून मुळं आरपार गेली होती. एक गांडूळ त्यातून बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती ओरडली नाही. बारा वर्षं तिने एकेक गिऱ्हाईक जोडलं, एकेक कागद कापला आणि मी दोन दिवसांत ते सगळं किड्यांना घातलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे गमतीने म्हणत नाही, खरंच तसं झालं.

"सगळ्यात खालचा बाबांच्या सदऱ्याचा होता," ती शेवटी म्हणाली. "मी पहिला बेतलेला."

तिचे वडील जाऊन चार वर्षं झाली. मी धावत कोपऱ्यात गेलो आणि दगड उचलला. कागद ओला होता, एक कड कुरतडलेली होती, पण बाकी शाबूत होता. तिने तो दोन्ही हातांवर धरून आत नेला, वाळवला आणि मंद इस्त्री फिरवली. मी दाराच्या फटीतून बघत होतो, आत जायची हिंमत होत नव्हती.

"आत या," ती म्हणाली. "वही घ्या. सगळ्यांची मापं पुन्हा घ्यायची आहेत. तुम्ही लिहायचं."

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना बोलावणी गेली. बायको टेप लावून हळूच आकडा सांगायची, मी लिहायचो. मात्र आवक-जावकमध्ये आकडा लिहिण्यापूर्वी मोठ्याने उच्चारून खात्री करायची सवय असते, त्याला माझा इलाज नाही.

"कंबर," बायको कुजबुजली, "एकशे चार सेंटिमीटर."

"कंबर एकशे चार!" मी म्हणालो. समोरच्या गल्लीतला सायकलवाला थांबून बघायला लागला.

"जरा दमानं!" फौजदारबाई गरजल्या. मग त्यांनी टेपकडे पाहिलं. "मागचं माप किती होतं हो?"

"सत्त्याऐंशी," बायको म्हणाली. तिला सगळी मापं तोंडपाठ नव्हती, पण फौजदारबाईंची होती.

त्या जुन्या कागदावर कोट बेतला असता तर बढतीच्या समारंभात, साहेबांना सलाम ठोकताना काय झालं असतं, हे बाईंच्या डोळ्यांसमोर आलं असावं. "कुजला ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. मग जाता जाता त्यांना आठवलं. "काय हो, माझ्या कागदावर काय लागलंय?"

पाचोळा उचलून बघितला. कागदाचा शिल्लक तुकडा सापडला, त्यावर ‘फौ. बा. कं.’ पुसट दिसत होतं.

"भोपळा," मी म्हणालो.

"माझ्या कमरेवर? भोपळा?"

"छोटाच आहे," मी घाईने सांगितलं, "अजून वाढेल."

यावर त्या मला काय म्हणाल्या ते मी इथे लिहीत नाही. पण ही बातमी गावभर झाली आणि प्रत्येक गिऱ्हाईक माप देऊन झालं की थेट मागे यायला लागलं. ‘माझ्यावर काय आलंय?’ हाच प्रश्न. ग्रंथपालबाईंच्या पाठीवर शेंगा आल्या होत्या. त्या हरखून गेल्या.

"या मी नेऊ ना? माझ्याच आहेत म्हटल्यावर!"

"तशा त्या—" मी म्हणायला लागलो.

"माझी पाठ आहे ती," ग्रंथपालबाई म्हणाल्या, आणि ओंजळभर शेंगा खुडल्या.

गुन्हेगाराने काय बोलायचं? नर्सबाईंनी आपल्या डाव्या बाहीवरचे टोमॅटो नेले. संगीतशिक्षकांनी खांद्यावरच्या चार काकड्या नेल्या आणि गळ्यावर अजून दोन आहेत, त्या मोठ्या होऊ द्या, अशी सूचना केली. येताना लोक हात हलवत येत नव्हते, कापडं घेऊन येत होते. बारा वर्षांत सगळेच फुगले होते किंवा वाळले होते, आणि नव्या मापाचे कपडे घातल्यावर आपल्याला इतकी वर्षं श्वास का लागत होता ते त्यांना कळलं. बायकोला मान वर करायला सवड नव्हती. कापडांचे ढीग माझ्या उशीवर आले.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी, रविवारी सकाळी जागेवर फक्त एक गोष्ट उरली होती. पानांखाली लपलेला, गरगरीत, पिवळाधमक भोपळा. तीन माणसांना सहज पुरला असता. मी पैज जिंकली होती!

आनंदाने सांगायला आत गेलो. बायको मशीनवर होती. पाठ पलंगाला, गुडघे भिंतीला. अर्धा झगा मांडीवर आणि अर्धा माझ्या पांघरुणावर. तिने एकदा पाठ सरळ करायला हात वर केला तर तो कपाटाला आपटला. ती ‘आई गं’ म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. मी तिचं एवढं नुकसान केलं आणि वर आता जागाही जिंकणार होतो. मला माझीच लाज वाटली. हिला शेड मिळालीच पाहिजे, मी ठरवलं. मी हरणार!

मी गुपचूप भोपळा तोडला, पिशवीत घातला आणि फौजदारबाईंकडे गेलो. "हा तुमच्या कमरेवरचा," मी म्हणालो. नव्या कोटात बाईंचा स्वभाव बराच सैल झाला होता. त्यांनी भोपळा दोन्ही हातांत घेतला आणि चक्क डोळे पुसले.

घरी येऊन मी पडेल चेहरा करून रिकामी टोपली पुढे ठेवली. "संपलं सगळं," मी म्हणालो. "काही उरलं नाही. मी हरलो."

आईने घड्याळाकडे बघितलं. "दिवस मावळेपर्यंत वेळ आहे," ती म्हणाली. "नियम म्हणजे नियम."

दुपारी एकला दार वाजलं. दारात फौजदारबाई, हातात झाकलेलं भलंमोठं पातेलं. "एवढा मोठा भोपळा मी एकटी कशी संपवणार? शिजवला आणि अर्धा तुमच्यासाठी आणला. गरम आहे तोवर जेवून घ्या. आता, लगेच!" त्या पोलिसात आहेत. आम्ही लगेच जेवलो.

भाजी फार चवदार झाली होती. मी कमी खायचा प्रयत्न केला, पण बाई समोर उभ्या राहून वाढत होत्या. शेवटी आईने ताट सरकवलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "पोट भरलं. तिघांचंही. जागा त्याची."

"नाही, नाही!" मी ओरडलो आणि सगळं कबूल केलं. भोपळा मीच मुद्दाम देऊन टाकला, हिला शेड मिळावी म्हणून, मला हरायचं होतं.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसायला लागली. "लग्नाला सोळा वर्षं झाली," ती म्हणाली, "पहिल्यांदाच तुम्ही माझ्यासाठी काहीतरी मनापासून करायला गेलात. आणि गेलात तेही हरायला. तुम्हाला हरणंसुद्धा जमू नये ना?"

"मग शेड घाल," मी म्हणालो. "जागा मी तुला देतो."

"आता कसली शेड घालते! गिऱ्हाइकं आपापली भाजी बघायला येतात आणि जाताना कापड टाकून जातात. त्या जागेला हात लावायचा नाही. मशीन आहे तिथेच बरं आहे. उलट दुसरं येतंय परवा, काम उरकत नाही."

"दुसरं? त्या खोलीत?"

"पलंग काढला की मावेल. मी आईंच्या खोलीत झोपेन, तिथे एक खाट आहेच."

"आणि पलंग?"

"मागच्या पडवीत."

"आणि मी?"

"तुम्ही जिंकलात ना! तुमच्या जमिनीपाशी नको का राहायला?"

मी आशेने आईकडे पाहिलं. शेवटी ती माझी आई. तिने थोडा विचार केला, सुनेच्या गळ्यातला टेप काढून तिच्याच हातात दिला आणि म्हणाली, "आधी पडवीचं माप घे गं. पलंग नाही मावला तर उगाच त्याला हरल्यासारखं वाटायचं."